बुटक्या गाडीतून येळवशीला

नांदेडहून लातूरला एसटीने साडेतीन-चार तासांत जाता येतं. गेल्या हिवाळ्यात मी त्याच रस्त्याला तीन दिवस लावले, आणि तेही तासाला तीनशे किलोमीटर पळू शकणाऱ्या गाडीतून. पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात आणि तुमच्याकडचा रस्ता एवढा खराब आहे का, असं विचारतात. रस्ता खराब नाही. त्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि त्या तऱ्हेसाठीच आम्ही तिकडे गेलो होतो.

मी पुण्यात एका अभियांत्रिकी कंपनीत काम करते. परदेशात एक नवी स्पोर्ट्स कार घडते आहे. तिच्या सस्पेन्शनचं, म्हणजे चाक आणि गाडीचं अंग यांच्यामधल्या यंत्रणेचं, थोडं काम आमच्याकडे आलं आहे. साध्या गाडीत चाक खड्ड्यात गेलं की मग स्प्रिंग दबते. या गाडीला खड्डा आधीच ठाऊक असतो. काचेमागचा कॅमेरा पुढचा पंधरा-वीस मीटर रस्ता वाचतो, आणि चारही चाकांपाशी बसवलेल्या छोट्या विजेच्या मोटारी ज्या त्या चाकाला वेळेवर उचलून घेतात किंवा खाली सोडतात. वळणावर गाडी बाहेर झुकत नाही, ब्रेक दाबला तरी नाक खाली घालत नाही. शर्यतीच्या गाडीला याचा फायदा एवढाच, की टायर जमिनीवरून सुटत नाहीत. कॅमेऱ्याने पाहिलेलं चाकांपर्यंत पोचवायचं जे गणित आहे, त्यातला एक तुकडा गेलं दीड वर्ष माझ्याकडे आहे.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा घेतो. खड्डा डोळ्यांना दिसतो, लाट दिसत नाही, पण गाडीला ती लागते. परदेशातल्या चाचणीच्या मैदानांवर अशा लाटा सिमेंटने मुद्दाम बनवतात. एका बैठकीत त्यांचे फोटो दाखवले, तेव्हा मी म्हणाले की आमच्या गावाकडे या आयत्या मिळतात. सगळे हसले, आणि महिन्याभरात मार्ग ठरवण्याचं काम माझ्याकडेच आलं. मी नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असं लिहून दिलं. चाकूर माझं गाव.

पहिला दिवस: विष्णुपुरी

बंद ट्रकमधून आलेली गाडी आम्ही विष्णुपुरीला धरणाच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत उतरवून घेतली. आम्ही म्हणजे मी आणि जाधवमामा. जाधवमामा कोल्हापूरचे. वीस वर्षं त्यांनी चाचणीच्या गाड्या चालवल्या आहेत. कंपनीत त्यांना सगळे मामा म्हणतात आणि ते मला लेकी म्हणतात. गाडी त्यांनीच चालवायची आणि मी शेजारी बसून लॅपटॉपवर नोंदी घ्यायच्या, असा नियम होता. मला ती चालवायची परवानगी नाही.

नव्या गाडीचा आकार कुणाला कळू नये म्हणून तिच्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे कागद चिकटवलेले असतात. टपरीवरच्या चहावाल्याने चहा गाळता गाळता गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढी रांगोळी कोणी काढली म्हणून विचारलं. जाधवमामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोरीचा हात चांगला आहे, असं म्हणून त्याने मला अर्धा कप जास्त दिला.

समोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी चार वर्षं काढली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकातली कितीतरी नावं मला कळत नसत. 'लीफ स्प्रिंग' म्हणजे काय ते सरांना विचारायला लाज वाटत होती. शेवटी शेजारच्या मुलीने वहीत चित्र काढून दाखवलं. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, मधे जाड, टोकाला निमुळते. मी त्या चित्राकडे बघतच राहिले. अप्पांच्या दुकानात असले पाटे भिंतीला टेकून उभे असत आणि आम्ही बहिणी त्यांच्यावर ओले कपडे वाळत घालत असू. माझे वडील, अप्पा, चाकूरला कमानपाट्यांचे मिस्त्री. ट्रकचे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे, टेम्पोचे बसलेले पाटे भट्टीत लाल करून घणाने त्यांना पुन्हा कमान चढवायची, हे त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. त्या दिवसापासून मला इंजिनिअरिंग परकं वाटलं नाही.

संध्याकाळी जाधवमामांना घेऊन गुरुद्वाऱ्यात लंगरला गेले. कॉलेजात असताना रविवारी रात्री मेस बंद असे, तेव्हा आम्ही पाच-सहा मुली सिटी बसने इथे यायचो. तू कोण, कुठली, दर रविवारी का येतेस, असं कोणी कधी विचारलं नाही. पोळी घेताना दोन्ही हात पुढे करायचे असतात, एवढंच एका म्हाताऱ्या सरदारजींनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी ते जाधवमामांना शिकवलं. त्यांनी डाळ तीनदा घेतली, आणि कोल्हापूरकरांच्या सवयीप्रमाणे पंगतीत तिखट शोधून पाहिलं. जेवण झाल्यावर ते भांडी घासायच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि अर्धा तास हललेच नाहीत.

दुसरा दिवस: लोहा आणि माळेगाव

सकाळी निघालो. तीनशेची गाडी आम्ही पन्नास-साठने चालवत होतो. लाटा मला हव्या तशा सापडत होत्या. स्क्रीनवर चाकांची रेघ वरखाली नाचत होती आणि आमच्या अंगाची रेघ जवळजवळ सपाट होती. मी खूष होते. तेवढ्यात बाभळींच्या एका रांगेपाशी, रस्ता अगदी गुळगुळीत असताना, गाडीने टुणकन उडी मारली. लॅपटॉप माझ्या मांडीवरून घसरला.

पुढच्या बाभळीपाशी पुन्हा तेच झालं. मग माझ्या लक्षात आलं. कोवळ्या उन्हात बाभळीची सावली रस्त्यावर आडवी, काळी, काठ उमटवून पडली होती, आणि कॅमेऱ्याला ती उंचवटा वाटत होती. नसलेल्या उंचवट्यासाठी चाकं उचलली जात होती. ही चूक माझ्या तुकड्यातली होती.

जाधवमामा म्हणाले, "सावलीला बुजतीया बघ तुझी गाडी. आमच्याकडं नवा बैल असंच करतोय."

मी नोंद घेतली. दहाच्या पुढे ऊन चढलं, सावल्या आखडल्या, आणि उड्या बंद झाल्या. तेही लिहून ठेवलं.

लोह्याच्या पुढे रस्त्याला घोडे लागले. पांढरे, तांबडे, कपाळावर लोकरीचे गोंडे बांधलेले. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला चालले होते. एका घोडेवाल्याने आमच्या गाडीशेजारी घोडा थांबवला आणि वाकून आत पाहिलं. त्याचे पाय आमच्या छपराच्या वर होते. एवढ्या बुटक्या गाडीत बसता तरी कसे, असं त्याने विचारलं. जाधवमामांनी उलट विचारलं, एवढ्या उंचावर बसता तरी कसे? दोघेही हसले आणि मी एकदम तारीख मोजली.

माळेगावची जत्रा भरली म्हणजे दुसऱ्या दिवशी येळवस. आमच्या लातूर भागात वेळ अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. दुकानांना कुलपं लागतात, रस्ते ओस पडतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभारून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पुजतात, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी पंचवीस येळवशी पाहिल्या आहेत, आणि चाचणीच्या तारखा ठरवताना माझ्या समोर पुण्याचं कॅलेंडर होतं. त्यात त्या दिवशी सुट्टी नव्हती. मी ते पान उलटून पुढे गेले होते.

जाधवमामांना हे सांगताना मला वाईट वाटत होतं. ते म्हणाले, बरंच झालं, रस्ता मोकळा मिळेल. पण मी आईला फोन लावला. तिने माझी चूक मनावर घेतली नाही. उद्याची तयारी चालली होती. भज्जीसाठी भाज्या निवडून झाल्या होत्या, आंबील आंबायला ठेवली होती. अप्पा जाणार का, असं मी विचारलं.

"ते कशाला जातेत आता," आई म्हणाली. "दत्ता जाऊन आंबील शिंपून येईल. मागली दोन वरसं तोच करायलाय." दत्ता माझा चुलतभाऊ.

चाकूर

अप्पांच्या पाठीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ट्रकचा पाटा उचलताना त्यांच्या मणक्यातली गादी सरकली. ते चालतात, दुकानात उभे राहून पोरांना काम सांगतात. पण गाडीत बसता येत नाही. गेल्या दिवाळीत रिक्षातून चार गल्ल्या पलीकडे गेले आणि एका गतिरोधकाच्या दचक्याने महिनाभर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, दचके मात्र पूर्ण बंद. आमचं शेत घरापासून चार किलोमीटरवर. एवढं चालवत नाही. म्हणून दोन वर्षं अप्पांनी शेत पाहिलेलं नव्हतं. रात्री त्यांना सलग झोप लागत नाही. कूस बदलली की जाग येते, आणि आई त्यांच्याबरोबर जागी असते.

आम्ही दुपारी दुकानासमोर थांबलो. अप्पा हात पुसत बाहेर आले. मला जवळ घेण्याआधी ते गाडीच्या चाकांकडे वळले, याचं मला हसू आलं. त्यांना वाकता येत नाही. दुकानातला आरसा काठीला बांधून त्यांनी तो गाडीखाली सरकवला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग पाटे कुठे आहेत म्हणून विचारलं. पाटे नाहीत म्हटल्यावर स्प्रिंग कुठे आहे म्हणून विचारलं. मी त्यांना कॅमेरा दाखवला, मोटारी दाखवल्या, लॅपटॉपवरच्या दोन रेघा दाखवल्या. नाचणारी रेघ चाकाची, सपाट रेघ माणसाची. एवढी वर्षं मी फोनवर त्यांना नुसतं 'गाड्यांचं काम' एवढंच सांगत आले होते. ते सपाट रेघेवर बोट ठेवून उभे राहिले.

"म्हंजे आतल्याला दचका लागत न्हाई?"

"कमी लागतो, अप्पा."

"किती कमी?"

मी लॅपटॉपवर आकडा शोधू लागले. ते आत गेले आणि मुलांना भाते हाणायला सांगू लागले. पण मला तो प्रश्न कळला होता. आईलाही कळला होता. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, की असलं काही डोक्यात आणू नका, महिनाभर तुमची उशापायथ्याची मीच होते.

परका माणूस चाचणीच्या गाडीत बसवता येत नाही. मी आमच्या विभागप्रमुख मॅडमना फोन केला. विचारायचीही लाज वाटत होती, पण न विचारता काही करणं माझ्या स्वभावात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वजन विचारलं, रस्ता विचारला, वेग तीसच्या आत ठेवशील ना, असं विचारलं. पाहुण्या प्रवाशाचा एक फॉर्म असतो, तो भरून पाठवायला सांगितला. घर ते शेत आणि परत, तेवढंच. आणि मग म्हणाल्या, "परवानगी मी देते. खात्री मात्र तुलाच द्यावी लागेल."

त्या रात्री मी त्याच एका शब्दापाशी अडून बसले. दीड वर्ष मी जे केलं ते शर्यतीच्या गाडीसाठी केलं होतं. चुकलं असतं तर टायर क्षणभर सुटला असता आणि आलेखात एक टोक आलं असतं. आता त्या आलेखाच्या जागी अप्पांची पाठ होती. आणि माझी गाडी सावलीला बुजत होती. शेताच्या रस्त्याला दोन्हीकडे बाभळी आहेत.

मी सकाळच्या नोंदी पुन्हा काढल्या. दहानंतर एकही उडी नव्हती. भर दुपारी सावली झाडाच्या पायाशी असते, रस्त्यावर येत नाही. परत यायचं ते दिवस मावळल्यावर, म्हणजे सावल्याच नाहीत. नंतर अंधार पडला तरी हेडलाइटच्या उजेडात कॅमेरा चांगला चालतो, ते आम्ही पूर्वी तपासलेलं होतं. मी वहीत दोन वेळा लिहिल्या. बारा वाजता जायचं, दिवस बुडाल्यावर यायचं. मधल्या वेळात अप्पांना शेतातून हलवायचं नाही. सकाळी मॅडमना फोन करून खात्री आहे म्हणून सांगितलं.

येळवस

सकाळी वेगळीच अडचण निघाली, आणि ती मला सुचायला हवी होती. गाडीत बसल्यावर दचका लागणार नव्हता, पण बसायचं कसं? स्पोर्ट्स कारची बैठक जमिनीपासून वीतभर. आत जायला रुंद उंबरा ओलांडावा लागतो, कारण गाडीचा सांगाडाच कार्बनच्या धाग्यांच्या एका पेटीसारखा असतो आणि त्याच्या कडा जाड असतात. त्यात माणसाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी खोल खुर्ची. धडधाकट माणूससुद्धा त्यात घसरत, पाय दुमडत जातो. अप्पांनी गाडीचं दार उघडून पाहिलं, हात कमरेवर ठेवला, आणि दार लावलं. आई मनातून सुटल्यासारखी दिसली. अप्पांशिवायच निघायचं म्हणून मी फोन उचलून दत्ताला टेम्पो आणायला सांगणार होते. दत्ता माझा चुलतभाऊ.

अप्पा दुकानाकडे पाहत होते. तिथे खड्ड्याच्या दोन बाजूंना गुडघ्याएवढे उंच असे दोन सिमेंटचे ओटे आहेत. ट्रक त्यावर चढवतात, म्हणजे खाली उभं राहून काम करता येतं.

"माणूस खाली जात नसंल," अप्पा म्हणाले, "तर गाडी वर घ्या की."

ओट्याचा चढ आमच्या गाडीच्या नाकाला फार उभा होता. अप्पांनी चार लाकडी फळ्या आणि जुने पाटे मागवले, चढ लांबवला, आणि काठीने टेकून पाहत पाहत जाधवमामांना इंच इंच वर घेतलं. गाडीला नाक उचलायचं एक बटण आहे. तेही दाबलं. पत्रा घासला असता तर मी मॅडमना काय सांगितलं असतं, कोण जाणे. घासला नाही. डावं दार उघडलं तेव्हा बैठक अप्पांच्या मांडीच्या उंचीला आली होती. उंबऱ्यावर गोधडीची घडी ठेवली. खुर्चीवर खताच्या रिकाम्या पिशवीचा गुळगुळीत प्लास्टिक कागद अंथरला. अप्पा गाडीला पाठ करून उभे राहिले, नुसते मागे टेकले, आणि कागदावरून सरकत फिरले. मी त्यांचे पाय उचलून आत घेतले. त्यांच्या कपाळावर एकही आठी पडली नाही.

मग मी पट्टा लावला आणि फॉर्म पुढे केला. व्यवसायाच्या जागी मी कमानपाटे मिस्त्री असं मराठीत लिहिलं होतं. अप्पांनी खाली सही केली, आणि जाधवमामांना म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, चला. पोरीचा काय भरवसा, इचार बदलंल."

गाडीत दोनच माणसं बसतात. म्हणून मी, आई, आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर, आणि भज्जीचं पातेलं दत्ताच्या टेम्पोत बसलो. पुढे काळी-पांढरी गाडी, मागे आम्ही. ऊन डोक्यावर होतं. गाव रिकामं झालेलं. रस्ता लाटांचा, मधे डांबर उखडलेलं. टेम्पोचा प्रत्येक दचका माझ्या दातांपर्यंत येत होता आणि आई दोन्ही हातांनी बिंदगी मांडीवर धरून बसली होती. मी मात्र पुढच्या गाडीचं छप्पर पाहत होते. चाकं वरखाली होत होती, छप्पर होत नव्हतं. तरी आतल्या माणसाला काय वाटतंय हे छपरावरून कळत नाही.

निम्म्या वाटेवर, वस्तीशाळेपाशी, पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. मी टेम्पो थांबायच्या आधी उतरले. आई मागून काहीतरी म्हणाली ते मी ऐकलं नाही. माझ्या मनात एकच विचार होता, की उठवायचं कसं, इथे ओटा नाही.

मी काचेपर्यंत पोचण्याआधी गाडी उलटी मागे आली. जाधवमामांनी काच खाली केली. त्यांचा चेहरा हसता होता. शाळेसमोरचा गतिरोधक काढून टाकला का, असं अप्पांनी त्यांना विचारलं होतं. आत्ता ओलांडला की, असं मामा म्हणाले. अप्पांना ते पटलं नाही. चाळीस वर्षांचा गतिरोधक, ट्रकचे पाटे मोडणारा, आणि तो कळलाच नाही? म्हणून त्यांनी गाडी मागे घ्यायला लावली होती.

अप्पा काचेतून समोर पाहत होते. माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू बाजूला हो. परत बघू दे."

मी बाजूला झाले. गाडी सावकाश पुढे गेली. पुढचं चाक त्या उंचवट्यावर चढलं, उतरलं, मग मागचं. मी अप्पांच्या डोक्याकडे पाहत होते. ते खिडकीत एकाच उंचीवरून सरकत गेलं. मग काचेबाहेर त्यांचा हात आला आणि त्यांनी बोटांनी खूण केली, आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला आईही टेम्पोतून उतरून पाहायला आली.

शेतापाशी रस्ता भरावावर आहे आणि डाव्या हाताला उतार. अप्पांनीच गाडी कुठे लावायची ते सांगितलं. दार उघडलं, दत्ता आणि मी उतारावर उभे राहिलो, आणि अप्पा सरकत आमच्या खांद्यांवर येऊन थेट पायांवर उभे राहिले. तिथून कोपीपर्यंत शंभरेक पावलं. ती त्यांनी काठी न घेता टाकली.

त्या दिवसाचं सगळं लिहीत बसत नाही. ज्वारी कमरेला लागली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. अप्पा शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपत हळूहळू फिरले, दत्ता बिंदगी धरून मागे. येळवशीची हाळी त्यांनी दिली तेव्हा पलीकडच्या शेतांतून उत्तरं आली. मिस्त्री आले, असं कोणीतरी ओरडून पुढच्या शेताला कळवलं. मग बांधाबांधावरून माणसं आली. त्यांनी अप्पांना पाहिलं आणि मग रस्त्यावरची गाडी पाहिली. एका शेजाऱ्याने उसाचे सगळे पैसे या गाडीत घातले का, असं विचारून अप्पांना चिडवलं. जाधवमामांनी भज्जीच्या पहिल्या घासाला ही भाजी आहे की आमटी म्हणून विचारलं आणि नंतर काही विचारलं नाही. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर, शेंगदाण्याची चटणी. त्यांना तीन शेतांतून बोलावणं आलं आणि ते तिन्ही ठिकाणी जेवून आले. लातूरकरांच्या तिखटाला त्यांनी त्या दिवशी नावं ठेवली नाहीत. आंबिलीचे पाच पेले झाल्यावर ते कडब्यावर आडवे झाले.

अप्पा बसले नाहीत. बाभळीला टेकून उभे राहिले आणि दिवसभर शेत बघत राहिले.

सूर्य बुडाला, सावल्या विरल्या, तेव्हा आम्ही निघालो. उतारावर उभं राहून, कागदावरून सरकत, अप्पा पुन्हा आत बसले. सकाळपेक्षा सोपं गेलं. टेम्पोत आई माझ्याशेजारी रिकामी बिंदगी घेऊन बसली. पाठीचं काय झालं हे उद्या सकाळीच कळणार, एवढंच एकदा म्हणाली.

गाव आलं. पुढची गाडी दुकानापाशी हळू झाली, पण वळली नाही. सरळ निघाली आणि जुन्या लातूर रस्त्याला लागली. बाजूने नवा महामार्ग झाल्यापासून त्या रस्त्यावर वाहनं नसतात, आणि येळवशीच्या संध्याकाळी तर कोणीच नव्हतं. दत्ता म्हणाला, चुकले वाटतं. माझा फोन वाजला.

जाधवमामा अगदी हळू आवाजात बोलत होते. "लेकी, तुझा बाप झोपलाय. शाळेच्या अलीकडंच मान टाकली. घोरतोय. मला काय थांबवू वाटंना."

आईने विचारलं काय झालं, मी सांगितलं. तिने पुढच्या गाडीकडे पाहिलं. तिच्या ओठांचं काय होतंय ते मला अर्धवट उजेडात नीट दिसलं नाही.

परवानगी घर ते शेत आणि परत एवढीच होती. पुढे जे किलोमीटर झाले ते मी दुसऱ्या दिवशी अहवालात जसेच्या तसे लिहिले, कारणासकट, आणि मॅडमनी त्या ओळीखाली नुसती सही केली. पण त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं. मामा फोनवर वाट पाहत होते. कुठवर न्यायचं, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. तिला असल्या फोनवर हळू बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"भाऊ, पेट्रोल हाय तवर चालवा."